स्टॅबिलायझरवरचा रुमाल

नवसाने जगलेला म्हणून नाव भिकन. तो पुढे सातपूरला टीव्हीचे स्टॅबिलायझर तयार करणारा इंजिनियर झाला आणि त्याची आई, सगुणाबाई, पिंपळगावात एकटी उरली. एसटीने तासाभराची वाट, पण ज्याला यायचं नाही त्याला गल्लीसुद्धा लांब.

सत्त्याण्णव साली त्याने आपल्या हातचा पहिला स्टॅबिलायझर आईकडे बसवला. डबा फार तापला तर आग लागू नये म्हणून आतली कळ वीज तोडायची. मग डबा उघडून ती पुन्हा दाबावी लागे. वरच्या भोकांतून गरमी निघते, वर काही झाकू नकोस, असं बजावून तो गेला.

आपल्याकडे वस्तू घरात आली की तिला आधी रुमाल लागतो, मग वीज. सगुणाबाईने क्रोशाचा रुमाल घातला आणि टीव्ही बंद पडला. शेजारच्या, द्राक्षं पेट्यांत भरायच्या पॅकहाउसमधून तिने फोन केला. रविवारी भिकन आला, रागावला, कळ दाबली, भाकरी खाऊन तिथेच आडवा झाला. त्याचं घोरणं ऐकत ती बसून राहिली. कितीतरी दिवसांनी घर भरल्यासारखं वाटलं.

पुढच्या महिन्यात तिने रुमाल पुन्हा घातला. बाई भोळी होती, दुधखुळी नव्हती. गावच्या मेकॅनिकला तिने डब्याला हात लावू दिला नाही. भिकनने विचारलं की म्हणायची, "इसरले रे." वर्षभर तिचं हे विसरणं चाललं.

मग एका रविवारी तो न बोलावता आला. तिला कोण आनंद झाला. त्याच्या काखेत नवा डबा होता, उंच पायांचा, भोकं बाजूंना आणि खाली असलेला.

"आया झाकणारच, मग डबाच तसा हवा. तुझ्यामुळे सुचलं, आई. आता गोधडी टाकलीस तरी बंद पडणार नाही."

"लय चांगलं केलं," ती म्हणाली. त्याला घाई होती, भाकरीला थांबला नाही.

महिना गेला, दुसराही गेला. एका रविवारी सकाळीच तिने रुमाल घातला, त्यावर गोधडीची घडी ठेवली, टीव्ही लावला आणि दोघांपुरतं पीठ परातीत काढून ठेवलं. दुपार कलली तरी टीव्ही आपला बोलतच होता. तिने गोधडीखाली हात घातला. डबा जेमतेम कोमट होता.

पोराने काम चोख केलं होतं. तिला त्याचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. मग उठून तिने एकटीपुरत्या भाकरी थापल्या.