तारीख फिरवा

लोकांना वाटतं, विमानाची तिकिटं विकून आम्ही गब्बर होतो. कसले गब्बर! पूर्वी विमान कंपन्या तिकिटामागे कमिशन द्यायच्या. एक दिवस ते बंद केलं आणि आम्हाला वाऱ्यावर सोडलं. आता जालना रोडवरचं माझं दुकान चालतं ते गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या सर्व्हिस चार्जवर. त्यातही बरी कमाई तारीख बदलण्यात. कंपनी दंड घेते, भाड्यातला फरक घेते, वर मी माझे घेते. म्हणजे कुणाचं येणं लांबलं की माझी चूल पेटते.

करमाडचे आप्पासाहेब हे माझं हक्काचं गिऱ्हाईक. त्यांचा एकुलता एक मुलगा सांडू शिकागोला असतो. त्याला सवड नसते, म्हणून त्याचं यायचं तिकीट बापच इथून काढतो. "तिकीट काढल्यालं आसलं की येतंच माणूस," हा त्यांचा हिशेब.

यंदाचं तिकीट डिसेंबरचं होतं, हुरडा खायला यावं म्हणून. सांडूने ते जानेवारीवर ढकललं, मग फेब्रुवारीवर. दर वेळी आप्पासाहेब येऊन खुर्चीच्या कडेवर बसायचे आणि म्हणायचे, "कालिंदीताई, तारीख फिरवा."

"अहो, तोवर ज्वारी वाळून कडक होईल तुमची," मी एकदा चिडवलं.

"नाय व्हनार. थोडी थोडी मागं-पुढं पेरलीया. एक तुकडा वाळला तर दुसरा कवळा ऱ्हातो. त्यो कवाबी येवो."

मी हसले खरी, पण त्या दिवशी घास गोड लागला नाही. उशिरा पेरलेल्या ज्वारीला धड दाणा भरत नाही, हे मलासुद्धा कळतं. पोराच्या वाटेवर या माणसाने अख्खं रान पसरून ठेवलं होतं आणि मी पावत्या फाडत होते. मला स्वतःचाच राग आला.

फेब्रुवारीत मीच त्यांच्यासमोर सांडूला फोन लावला. तो म्हणाला, "यंदा नाही जमत. तिकीट रद्द करून पैसे बाबांना द्या."

मी तसं सांगितलं. आप्पासाहेबांनी मान हलवली. "रद्द नगं. फुडली तारीख टाका."

माझं डोकंच फिरलं. "किती वाट बघाल? तुम्हीच जा ना! पासपोर्टपासून सगळं मी करते. मला एक पैसा नको."

त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, जमलं.

"त्याचं घर बघावं वाटतंय लई," ते म्हणाले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली. "पर मी तिकडं ग्येलो, आन् त्यो हिकडं आला तर? कुलूप बघून माघारी जाईल."

मी कॉम्प्युटरकडे वळले. "कोणती तारीख टाकू?" मी विचारलं.