बंद पाकिटावरचा पत्ता

“डबा उघडायचा नाही. तसाच पाण्यात सोडायचा. शब्द दे.” जाण्याआधी बाबांनी हात धरून सांगितलं, आणि मी शब्द दिला.

माझे नेम साधेच: दिवा लावल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, दिलेला शब्द मोडायचा नाही. पण फळीवरून उतरवताना डब्याचं गंजलेलं झाकणच निखळलं. सगळं फरशीवर.

नौदलाच्या टोपीची फीत, दोन पितळी बटणं, आणि युद्धात बोटीवरून आईला आलेली बाबांची पत्रं. आई ती आम्हाला वाचून दाखवायची, वाचता वाचता थांबायची. सगळ्यांत खाली एक बंद पाकीट. अक्षर तेच, वळणदार. ‘माझं काही बरंवाईट झालं तर आईला द्यावं.’ खाली दूरच्या गावातल्या घड्याळांच्या दुकानाचा पत्ता.

मी गोंधळले. बाबांची आई तर ते रांगत असतानाच गेली होती. मग ही आई कोणाची?

“वन्सं, एक बोलू?” वहिनी बटणं गोळा करत म्हणाली. “सही करताना मामंजींची जीभ बाहेर यायची. एका सहीत चहा गार व्हायचा. ही पत्रं त्यांनी लिहिली?”

“त्यांना नीट दिसत नसे.”

“चष्मे तीन होते. पेपर मात्र तुम्हीच वाचून दाखवायच्या.”

बाबा बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे. भट्टीवरचा जोडीदार स्फोटात गेला, एवढंच सांगायचे. म्हणजे पत्रं लिहिणारा तो. पाकीटही त्याचंच, बाबांकडे सोपवलेलं. आणि बाबांना पत्ताच वाचता येईना. वाचणारी बायको घरात, पण तिला विचारलं असतं तर तिला अक्षर ओळखू आलं असतं. आई ज्या ओळींवर थांबायची, त्या नक्की कोणाच्या होत्या? आता विचारू तरी कोणाला?

“पण पाण्यात सोडायचा शब्द तुम्हीच दिलाय,” वहिनी म्हणाली.

“त्यांनीही कुणाला दिला असेलच ना.”

“ती माउली अजून असेल थोडीच.”

“नसेलही.”

“मग?”

मी पाकीट उचलून पदराने पुसलं.

सकाळी दिवा लावला, पाणी प्यायले. पत्रं आईच्या कपाटात ठेवली. फीत आणि बटणं डब्यात घालून झाकण दोरीने बांधलं. पाण्यात सोडायचं ते परतल्यावर. पाकीट न उघडता पिशवीत ठेवलं. वहिनीने पत्ता एका कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवून दिला.

“वाटेत कुणाला दाखवायला,” ती म्हणाली.

चपला घातल्या. गाडीच्या थांब्यावर पोचले आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईंपुढे तो कागद धरला.