काचेच्या तेवढ्या माह्या

नांदगाव पेठच्या जुन्या एस.टी. थांब्यासमोर खुर्शीदबीचं बांगड्यांचं दुकान होतं. गाड्या तिथं थांबत, तोवर दुकान बरं चाललं. मग कपड्याच्या गिरण्या आल्या. शेतीवर भागेना म्हणून आसपासच्या गावांतल्या बाया गिरण्यांत कामाला लागल्या आणि त्यांच्यासाठी अमरावतीहून सिटी बस सुरू झाली. पण ती गावात शिरेचना, हायवेच्या फाट्यावरूनच वळायची. फाट्यावरच्या तिच्या थांब्यामागं काचेच्या दारांचं मोठं दुकान उघडलं. साखरेपासून चपलांपर्यंत सगळं एका छपराखाली, बांगड्यासुद्धा.

"पोळ्यापर्यंत पाहू," तिचा नवरा बद्रुद्दीन म्हणाला. "गिऱ्हाईक नाही आलं त दुकान बंद. अकोल्याले शाइस्ताकडे राहू. लेक कवाची बलावून राहिली."

खुर्शीदबीला लेकीकडं जायला आवडे, पण चार दिवस. बसून खायला नव्हे. तिच्या सासूनं आणि सासूच्या सासूनंही याच गावांतल्या बायांचे हात बांगड्यांनी भरले होते. पोळ्याला आठ दिवस उरले तेव्हा ओढणी सावरत ती फाट्यावर गेली. आपलं गिऱ्हाईक नेणारं दुकान आहे तरी कसं, ते डोळ्यांनी पाहावं म्हणून.

आत थंडगार. बांगड्यांच्या खोक्यांवर मापाचे आकडे. तिथं ओळखीची कुंदा उभी, गिरणीतून सुटून थेट आलेली. हिरवी काचेची बांगडी स्वतःच हातात कोंबत होती. कट्कन फुटली.

"ही तिसरी," विकणारी पोरगी म्हणाली. "भरून द्यावे लागतील पैसे, काकू."

"आँ! माही काय चूक? खोक्यावर माहाच नंबर आहे!"

खुर्शीदबीला राहवलं नाही. भरताना फुटलेल्या बांगडीचं नुकसान विकणाऱ्याचं, गिऱ्हाइकाचं नाही, हा तिच्या घरातला कायदा होता.

"कुंदे, नंबर बराबर आहे, येळ चुकली. दिवसभर यंत्रापाशी उभी होती तू. हात सुजला. सकायचा नंबर संध्याकायी कसा चालन?"

"चाची! तुमी अथी?"

"पाहाले आली. बस खाली."

दोघी फरशीवरच बसल्या. खुर्शीदबीनं तिला हात वर धरायला लावला, मनगटाकडून कोपराकडं चोळत सूज उतरवली, अंगठ्याचा सांधा तळव्यात दाबला आणि सासूची चौकशी करता करता डझनभर बांगड्या चढवल्या. एकही फुटली नाही. कुंदानं रीतीप्रमाणं वाकून नमस्कार केला. एव्हाना भोवती सात-आठ बाया जमल्या होत्या. "चाची, माहेही भरा." खुर्शीदबी एकेकीचे हात भरत गेली. बाहेर बस उभी, पण कोणी हलेना.

मॅनेजर ओमप्रकाश धावत आला. "फरशीवर काय बाजार मांडला?" मग त्यानं बायांच्या हातातली खोकी पाहिली आणि आवाज उतरला. "चाची, आमच्याकडे नोकरी करता का? युनिफॉर्म मिळेल."

"या वयात मले कपडे घेऊन देतं का बाबू?"

बाया खोखो हसल्या.

"नौकरी नाही करत मी. दाराबाहेर, थांब्याच्या अंगानं, एक लाकडी तख्तपोस मावन एवढी जागा दे. भाडं दीन."

"म्हणजे आमचं गिऱ्हाईक तुम्ही नेणार."

"काचेच्या तेवढ्या माह्या. पितळी, लाखेच्या, पिलास्टिकच्या, सगळ्या तुह्या. त्याही भरून दीन. रोज किती फुटकी काच झाडा लागते, विचार या पोरीले."

पोरीनं कचऱ्याची बादली पुढं सरकवली. अर्धी बादली रंगीत तुकड्यांनी भरलेली.

ओमप्रकाशनं मोबाइल काढला. "वर विचारावं लागेल."

"विचार नं. अजून सहा हात बाकी आहेत माहे."

सहावा हात भरून व्हायच्या आत तो परत आला आणि हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बद्रुद्दीन हातगाडीवर बांगड्यांचं कपाट बांधत कुरकुरत होता. "म्हातारपणी रस्त्यावर बसशीन? लोक काय म्हणतीन?"

"किती वाजता उघडता, हे म्हणतीन. अन् शाइस्ताले फोन करा. म्हणा, पोळा झाला की भेटाले येतो, राहाले नाही." तिनं गाडीला मागून हात लावला. "चला, धक्का मारा. पहिली पाळी सुटाच्या आत पोचा लागते."