बिशपसाहेबांची काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. पण माझ्या आधाराने आजवर कुणी जिना चढलेला नाही. मी बिशपची काठी. शिसवी दांडा आणि वर चांदीचा वळलेला आकडा. प्रवासात पेटीत मावावी म्हणून सुताराने मला तीन तुकड्यांत घडवलं आणि आटे पाडून दिले.

बावीस वर्षं मी साहेबांच्या डाव्या हातात मिरवले. उजवा हात ते मुलांच्या डोक्यावर ठेवत. त्या विधीला दृढीकरण म्हणतात आणि तो बिशपनेच करायचा असतो. आम्ही आत आलो की सगळं चर्च उठून उभं राही. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं ते माझ्यासाठीच उठतात.

मग साहेब निवृत्त झाले. आमच्या पंथात बिशपांना लग्न करता येतं, म्हणून ते मुलीच्या घरी मागच्या खोलीत राहायला आले. मी पलंगाखाली गेले. पहिल्या वर्षी माणसं भेटायला येत, नंतर नुसते फोन, पुढे तेही नाहीत.

यंदा नातीचं दृढीकरण ठरलं. तिच्या डोक्यावर आपण हात ठेवावा, एवढीच साहेबांची इच्छा होती. त्यासाठी नव्या बिशपांची परवानगी लागते. साहेबांनी पत्र धाडलं आणि मला जोडून तीनदा पुसलं. आठ दिवसांनी पत्र परत आलं. सहीभोवती लाल वर्तुळ होतं. जुन्या सवयीने साहेबांनी नावाआधी क्रूस काढून खाली 'या धर्मप्रांताचे बिशप' असं लिहिलं होतं. 'धर्मप्रांताला एकच बिशप असतो,' एवढंच कार्यालयाने कळवलं होतं.

"बाबा, पुन्हा लिहा ना," मुलगी म्हणाली.

"नको गं. चूक माझीच. कुठल्या तोंडाने लिहू?"

त्यांनी माझे आटे सोडले.

ठरल्या रविवारी नातीचं दृढीकरण नव्या बिशपांनी केलं. साहेब चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून आले. तिथेही कुणीतरी म्हणालं, "काका, जरा सरकता का?" घरी हे सांगताना ते हसले, पण जेवले नाहीत.

संध्याकाळी नात खोलीत आली आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकून बसली.

"आजोबा, आता तुम्ही ठेवा हात."

"बाळा, मला तो अधिकार नाही राहिला."

"माहितीये. तरी ठेवा."

त्यांनी हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. त्या हाताला माझी गरज नव्हती. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

ती गेल्यावर खोली पुन्हा गप्प झाली. मित्रांनो, मला कुणी पुसलं नाही तरी चालेल. चांदी काळी पडली तर पडू दे. पण तुमच्या घरात मागच्या खोलीत कुणी निवृत्त माणूस असेल, तर अधूनमधून त्याच्याकडे काहीतरी मागायला जा.