खंडेनवमीचा टायमिंग बेल्ट

आमच्या घरात एक माणूस आणि त्रेपन्न हत्यारं राहतात. मीही राहते, पण माझ्या नावाचा खिळा फळ्यावर नाही.

माझे मिस्टर नाथाजी लष्करात गाड्या दुरुस्त करायचे. बावीस वर्षं त्यांनी वाळूत आणि बर्फात ट्रक चालते ठेवले, निवृत्त झाले, आणि साताऱ्याच्या घरात पाऊल ठेवलं ते थेट गाडीच्या शेडमध्ये. तिथं भिंतीला प्लायवूडचा फळा ठोकला. प्रत्येक पान्याला एक खिळा, आणि खिळ्याभोवती त्याच पान्याच्या आकाराची पांढरी रेघ. पाना जागेवर नसला की रेघ रिकामी दिसते आणि घरात चौकशी बसते. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, पण एवढी कडक हजेरी कधी घेतली नाही.

या हत्यारांपायीच बापलेकीचं बोलणं बंद झालं, त्याला चौदा महिने झाले. लोकांना आम्ही सांगतो की क्रांतीनं सरकारी नोकरी नाकारली म्हणून. तेही खोटं नाही. परीक्षा पास होऊन आलेली क्लार्कची ऑर्डर तिनं परत पाठवली आणि म्हणाली, "मला इंजिनं उघडायचीत." त्यावर हे नुसते गप्प बसले होते. खरा भडका उडाला तो टॉर्क पान्यावरून. बोल्ट किती जोरानं आवळायचा तो आकडा या पान्यावर लावायचा, तेवढा जोर झाला की पाना टक् करतो. काम संपलं की आकडा उतरवून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग ताणलेली राहते आणि पाना खोटं बोलायला लागतो. क्रांतीनं तो न विचारता घेतला, शेजाऱ्यांच्या गाडीची चाकं आवळली आणि आकडा न उतरवता पेटीत ठेवला.

"माझ्या हत्याराला परत हात लावायचा न्हाई," हे म्हणाले.

"मग मी माझी घेते," ती म्हणाली, आणि बॅग भरून सांगलीला गेली.

मी मध्ये पडायला गेले, तर दोघं एका सुरात म्हणाली, "तू थांब." त्यानंतर त्यांचं इतकं एकमत काही झालं नाही.

सांगलीत तिनं दोन गॅरेजांत काम केलं, आणि आता परवीन नावाच्या मैत्रिणीबरोबर कुपवाडला स्वतःचं गॅरेज काढत होती. दसऱ्याला सकाळी साडेनऊला उद्घाटन. पाचव्या माळेला तिचा फोन आला. "आबांना सांग फक्त," म्हणाली. या असं म्हणाली नाही. ती त्यांचीच मुलगी आहे. मी सांगितलं, तर हे म्हणाले, "बघू."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी आमची गाडी उघडली.

आता या गाडीचा वॉटर पंप सहा महिने गळत होता. हे रोज सकाळी बाटलीनं पाणी घालायचे आणि खुशाल फिरायचे. आज अचानक गाडीची दया आली.

"पंप गेलाय," मला म्हणाले. "आन पंप काढायचा तर टायमिंग बेल्ट काढायलाच लागतोय. लाखाच्या वर पळालाय तो. वाटंत तुटला तर वॉल्व्ह वाकत्यात, इंजिन कायमचं बसतं."

सगळं खरं होतं. ह्यांच्या बाबतीत मला हेच सहन होत नाही. माणूस कधी खोटं बोलत नाही, पण सोयीच्या वेळी सोयीचं खरं बरोबर शोधून काढतो.

"मग एसटीनं जाऊ," मी म्हटलं.

"गाडी अशी उघडी टाकून? उंदरं वायरी खात्यात."

नवा पंप आणि बेल्ट आणला. मग एक दिवस चाक काढण्यात गेला. एक दिवस बेल्टवरचं झाकण काढण्यात गेला. एक पूर्ण दिवस पाणी काढण्यात गेला, आणि त्यातही दोनदा चहा झाला. हाच माणूस पूर्वी ट्रकचा गिअरबॉक्स सकाळी उतरवून दुपारच्या जेवणाआधी चढवायचा, हे मी शाळेच्या सुट्टीत क्वार्टरच्या खिडकीतून पाहिलेलं आहे. मला सगळं कळत होतं, आणि मला कळतंय हे त्यांना कळत होतं.

असं करत खंडेनवमी उजाडली. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडतात आणि दसऱ्याला पूजा उठेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. भावकीत कोयते, खुरपी आणि एखादी जुनी तलवार असते. आमच्याकडे त्रेपन्न हत्यारं पांढऱ्या चादरीवर ओळीनं निजतात. ह्यांनी एकेकाला कुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली, आणि जाता जाता माझी विळीसुद्धा नेऊन मांडली. मग हात जोडून मला म्हणाले, "आता उद्या दुपारी पूजा उठली की मग काम."

उद्या दुपारी! तोवर कुपवाडला पेढेसुद्धा संपलेले असणार. मला असा राग आला की मी सरळ परसात गेले आणि फोन लावला.

"क्रांती, तुझ्या हत्यारांची पूजा झाली का गं?"

"उद्या करायची हाय, गॅरेजातच. का?"

"म्हणजे आज ती मोकळी आहेत."

 पलीकडून हसू आलं. "आई, तू लय डेंजर बाई हायस."

अकराच्या सुमाराला दारात छोटा टेम्पो थांबला. परवीन चालवत होती. क्रांती उतरली, बापाच्या पाया पडली, शेडच्या बाहेरूनच चादरीवरच्या पूजेला नमस्कार केला, आणि एक अक्षर न बोलता आपली पिशवी अंगणातल्या गाडीशेजारी टाकून बाह्या सारल्या. हे खुर्चीत पेपर घेऊन बसले. पेपर कालचा होता.

"कसं हाय आबा?" परवीननं विचारलं.

"बरं हाय. चांदसाहेबांचा गुडघा काय म्हणतोय?" हे तिच्याशी अगदी मोकळं बोलले. परवीनच्या वडिलांच्या गुडघ्याची चौकशी होते आणि पोटच्या मुलीला पाणी विचारत नाहीत! मी पाणी आणलं.

क्रांतीनं कामाला सुरुवात केली. बेल्टच्या बाजूला इंजिन ज्या आधारावर टेकलेलं असतं तो काढावा लागतो, म्हणून खालून जॅक लावायचा असतो. तिनं जॅक सरकवला मात्र, पेपर खाली आला.

"परवीन, तिला सांग, मधी लाकूड दे. नुसता जॅक लावला तर खालचा तेलाचा चेंबर चेपतोय."

"परवीन, आबास्नी सांग, लाकूड दिलंय. चष्मा लावून बघा म्हणावं."

"परवीन, तिला सांग, चष्मा लावलाय."

बिचारी परवीन दोघांच्या मध्ये दीड हातावर उभी होती. शेवटी म्हणाली, "मी जरा चहा पिऊन येऊ का? तवर तुमी दोघं गप्प बसा."

मग पिनांची वेळ आली. बेल्ट काढण्याआधी इंजिनाची वरची आणि खालची चाकं दोन पिनांनी जागेवर खिळवायची असतात. नाहीतर बेल्ट निघाल्यावर ती जरा जरी हलली तरी सगळा मेळ बिघडतो. क्रांतीनं पिशवी उघडली. मी तिच्या मागेच उभी होते. डाव्या कप्प्यात लाल पाकीट होतं, त्यातून पिनांची टोकं बाहेर आली होती. तिनं पाहिलं, मी पाहिलं. तिनं चेन ओढून घेतली.

"पिना कुपवाडातच राहिल्या," ती म्हणाली.

तीस वर्षं मी पोरांचं खोटं पकडलं आहे. हे तर पहिलीतलं पोरही पकडेल इतकं कच्चं होतं. परवीन आभाळात काहीतरी शोधू लागली. मीही रांगोळीकडे पाहू लागले, कारण क्रांती काय करते आहे ते मला उमगलं होतं. ह्यांनी स्वतः लेथवर बनवलेल्या दोन पिना चादरीवर दुसऱ्या ओळीत होत्या, कुंकू लावलेल्या. पूजेतलं हत्यार उचलायला सांगणं म्हणजे काय, हे त्या पोरीला चांगलं माहीत होतं. हे नाही म्हणाले असते तर ती पिशवी उचलून निघाली असती, आणि पुढे ती दोघं कधी बोलली असती असं मला वाटत नाही.

क्रांतीनं हात पुसले. चौदा महिन्यांनी पहिल्यांदा बापाकडे सरळ पाहून म्हणाली, "आबा, तुमच्या पिना देता का?"

ह्यांनी पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग उठून पूजेपाशी गेले. चपला काढल्या, हात जोडले, काहीतरी पुटपुटले. देवीला काय सांगितलं ते मला आजतागायत सांगितलेलं नाही. झेंडू बाजूला करून दोन पिना उचलल्या आणि क्रांतीसमोर येऊन उभे राहिले.

"तुझ्या पिना पिशवीच्या डाव्या कप्प्यात हायत," म्हणाले. "लाल पाकिटात."

क्रांतीचे कान लाल झाले.

"पर त्या नको लावू. बाजारच्या हायत, वाकत्यात. ह्या घे."

मी पदर डोळ्यांना लावला. रडले, लपवायचं कशाला? परवीन म्हणाली, "मी आता खरंच चहा पिते," आणि माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात येऊन तीही नाक पुसत बसली.

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा बापलेक कडाकडा भांडत होती. नियम म्हणजे नियम, ह्यांनी बाकीच्या हत्यारांना हात लावला नाही, पण तोंड काही पूजेला मांडलं नव्हतं. पंपाखाली चिकटलेलं जुनं गॅस्केट नखानं खरवडू नको. बेल्टला तेलकट हात लावू नको. ती प्रत्येक गोष्टीला "ठाऊक हाय" म्हणत होती आणि तरी थांबून ऐकत होती. नवा पंप बसला. क्रांतीनं स्वतःचा टॉर्क पाना काढला, आकडा लावला, बोल्ट एकाआड एक आवळले. टक्, टक्. मग आकडा उतरवला आणि पाना बापाच्या नाकासमोर धरला.

"दिसलं," हे म्हणाले. "कौतिक नको."

बेल्ट चढला, ताण बसला, पिना निघाल्या. तिनं पाना लावून इंजिन हातानंच दोन पूर्ण फेरे फिरवलं आणि पिना परत घालून पाहिल्या. अलगद बसल्या. हे काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं मी इतकी वर्षं ऐकते आहे, त्यामुळे सांगू शकते की ही शाबासकी होती.

चार वाजता गाडी सुरू झाली. पाणी भरलं, त्यात अडकलेली हवा काढली, खाली एक थेंब नाही. क्रांती पिशवी आवरू लागली. उद्याचं तिनं विचारलं नाही. माझ्या ओठांवर दहा वेळा आलं, पण मी जीभ चावून गप्प बसले. हे गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

"आमच्या युनिटात नियम हुता," मोघम कुणाला तरी म्हणावं तसं म्हणाले. "इंजिन ज्यानं बांधलं त्यानंच रोड टेस्टला गाडी चालवायची. तपासणाऱ्यानं शेजारी बसायचं."

"मग चला की," क्रांती म्हणाली. "कुठवर? पोवई नाका?"

"तेवढ्यात काय कळतंय? इंजिन तापाय पाहिजे, पाणी फिराय पाहिजे." ह्यांनी हात पुसले. ते सकाळपासून स्वच्छच होते. "कुपवाडपातूर तरी जाया पाहिजे."

क्रांतीनं मान हलवली आणि गाडीची किल्ली उचलली. 

"आन तू काय बघतीस?" हे माझ्यावर घसरले. "उद्यासाठी बरी साडी घे जा."

मी आत गेले. साडी पाचव्या माळेलाच बॅगेत भरून ठेवली होती, ह्यांच्या इस्त्रीच्या शर्टाखाली. पण हे ह्यांना सांगायचं काही कारण नव्हतं. म्हणून जरा वेळ कपाटाचं दार वाजवलं आणि बॅग घेऊन बाहेर आले.