घड्याळजींचे फोटो

अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून घड्याळजींच्या तोंडून एकच शब्द निघायचा, "नाही". पाणी हवं असलं तरी नाही, कूस बदलायची असली तरी नाही. गेले चार दिवस तर दुपार झाली की ते ओरडत सुटायचे आणि बायको समोर धरेल ती वस्तू डाव्या हातानं भिरकावायचे. उजवी बाजू लुळी पडली होती. तो पाय वाकडा होऊ नये म्हणून त्याला ताठ पट्टा बांधायचा असे.

त्यांना पुन्हा बोलायला शिकवायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "घरातल्याच वस्तूंचे, माणसांचे फोटो छापून समोर मांडा. त्यांना बोट ठेवू दे. पण फोटो स्पष्ट हवेत."

घरात नणंदेचा जुना इंकजेट प्रिंटर होता. साध्या कागदावर शाई फुटली. ग्लास कुठला, चष्मा कुठला, कळेना. नणंदेचा चेहरा तर सुजल्यासारखा आला. "वहिनी, मी गेल्यावर हाच लावा हं भिंतीवर," ती म्हणाली. दोघी हसल्या आणि हसता हसता बायकोला रडूच फुटलं.

मग तिनं बाजारातला सगळ्यात स्वस्त चकचकीत कागद आणला. त्यावर शाई वाळेचना. घड्याळजींनी ग्लासावर बोट ठेवलं आणि निळा डाग चादरीभर झाला. त्यांनी अख्खा गठ्ठा भिंतीवर फेकला.

बायको मटकन खाली बसली. "अहो, काय होतंय तुम्हाला? मी करू तरी काय?"

त्यांचे डोळे भरून आले.

ती तशीच उठून कागदवाल्याकडे गेली आणि बरबटलेला कागद त्याच्यापुढे टाकला. म्हाताऱ्यानं तो चिमटीत धरून पाहिला. "हा लेझर प्रिंटरचा. इंकजेटची शाई पातळ, ती ह्यात मुरत नाही. अल्बम करायचाय का?"

"माझ्या माणसाची वाचा गेलीय हो."

कागदवाला शिडीवर चढला. "हा मॅट घ्या, इंकजेटचाच. पातळ आहे म्हणून स्वस्त. उजेडात चमकणारही नाही. शाई धरणारा लेप एकाच बाजूला असतो. ओलं बोट कोपऱ्याला लावा, चिकटेल त्या बाजूवर छापा."

ह्या वेळी फोटो स्वच्छ आले. घड्याळजी बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी बुटावर बोट ठेवलं. बायकोनं बूट आणले, त्यांनी ते ढकलून दिले. पुन्हा बुटावरच बोट. तिसऱ्यांदा तर त्यांनी त्या फोटोवर मूठच आपटली.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "पाय म्हणत असेल का दादा?"

बायकोनं पट्टा सोडला, मोजा खाली ओढला. टाच काळीनिळी पडली होती, मधोमध बटणाएवढी जखम, आणि तिला वास येत होता. रोज दुपारी तो पट्टा तीच आवळून बांधत होती. ते ओरडायचे तेव्हा सैल झाला असेल म्हणून आणखी आवळत होती.

तिनं त्यांचा पाय मांडीवर घेतला.

डॉक्टर लगेच आले. आणखी दोन दिवस गेले असते तर जखम हाडापर्यंत पोचली असती, म्हणाले. ती भरायला दीड महिना लागला. बोलणं मात्र परत आलं नाही.

डॉक्टर येऊन गेले त्याच संध्याकाळी दोघींनी टाच, गुडघा, पाठ, कान, दात, सगळ्यांचे फोटो काढले. 'दुखतंय'साठी नणंदेनं वहिनीच्या चेहऱ्याचा काढला.