वेफरचा कान

“तो नको. तो परत ठेव.”

सुनेने हात मागे घेतला. टेबलावर काळं कापड अंथरलेलं होतं, खिडकीतलं ऊन त्यावर तिरपं पडलं होतं आणि त्या उन्हात बटाट्याचा एक वेफर होता, पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या मांजरासारखा. त्याचे फोटो काढून झाल्यावर सुनेने पुढचा घ्यायला पत्र्याच्या डब्यात हात घातला होता, आणि तो नेमका साबणाच्या छोट्या डबीवर पडला होता.

“बघू तरी द्या ना, आई. काय आहे त्यात?”

“आहे एक. विकायचा नाही.”

सुनेने मांजराचा वेफर कापसात गुंडाळायला घेतला. तिचं ऑफिसातलं काम सुटून सहा महिने झाले होते. घरी बसून कंटाळली म्हणून तिने एकदा सासूच्या डब्यातला शिंगांच्या हरणासारखा वेफर गंमत म्हणून मोबाइलवर टाकला, आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी तो विकत मागितला. मग मिशीसारखा गेला. मग एक पूर्ण जांभळा, उडत्या पाखरासारखा. कापसात गुंडाळून, लाकडी खोक्यात घालून सून ते पाठवायची आणि प्रत्येक खोकं बंद करताना म्हणायची, “लोक काय काय जमवतात, आई! उद्या तुमचा चष्मासुद्धा मागतील.”

डब्यात असे तेवीस वेफर होते. औषधांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या ज्या पुड्या निघतात, त्या टाकून ते वर्षानुवर्षं जपलेले होते. आता चार उरले होते, आणि साबणाच्या डबीतला तो एक.

*

वेफरच्या कारखान्यात सासूला सगळे घार म्हणत. नजरच तशी होती. तळलेले वेफर पट्ट्यावरून वाहत यायचे आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायकांनी त्यातले करपलेले, हिरवट कडांचे, दुमडलेले, एकमेकांना चिकटलेले उचलून पिंपात टाकायचे. पिंपातला बाद माल गुरांच्या खाद्याला जायचा. नवीन बायकांना पहिल्या आठवड्यात गरगरायचं. डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत पट्टा चालूच असायचा. घारीला कधी गरगरलं नाही. तिची बोटं डोळ्यांच्याही आधी पोचायची.

पट्ट्याच्या पलीकडे, बरोबर तिच्यासमोर, लंबू उभी असायची. दारातून आत येताना मान वाकवावी लागणारी ती कारखान्यातली एकटीच बाई. यंत्रांचा आवाज इतका की शेजारणीचंही ऐकू यायचं नाही. सगळ्यांच्या कानात कापसाचे बोळे. घार आणि लंबू अठरा वर्षं समोरासमोर उभ्या राहिल्या आणि कामाची पाळी चालू असताना एक शब्द बोलल्या नाहीत. बोलणं सगळं भुवयांनी आणि वेफरांनी. मिशीसारखा वेफर आला की लंबू तो ओठावर धरून मान हलवायची. एकदा हुबेहूब सुपरवायझर बाईंच्या नाकासारखा वेफर आला. लंबूने तो उचलला, बाईंकडे बघितलं, परत वेफरकडे बघितलं. त्या दिवशी घारीला हसून हसून उचकी लागली आणि अर्धा पट्टा तसाच पुढे गेला.

जेवणाच्या सुट्टीत बोळे काढले की लंबू मात्र सुटायची. “विचार कर,” ती एकदा म्हणाली होती, “या पट्ट्यावरून आपण दोघी गेलो असतो तर? तू वाचली असतीस कदाचित. मी सरळ पिंपात.”

लंबू तिला सापडलेले वेफर तिथल्या तिथे खाऊन टाकायची. घारीला ते जमायचं नाही. एवढं वेगळं काही हाताशी आलं आणि ते गुरांना गेलं, तर तिचा दिवस वाईट जायचा. फाटकाबाहेर एक वेफर नेला तरी ती चोरी, असा नियम होता आणि अंगातल्या झग्याला मुद्दाम खिसे ठेवलेले नव्हते. घार डोक्यावरच्या टोपीच्या दुमडीत वेफर ठेवायची आणि मान ताठ ठेवून घरी जायची. नवरा म्हणायचा, “आज राणीसारखी चालत आलीस. काहीतरी आणलेलं दिसतंय.”

मग लंबूचा उजवा कान फुटला. आठवडाभर ठणकत होता. डॉक्टरने आराम सांगितला होता आणि रजा शिल्लक नव्हती. ती कानात औषध घालून, बोळ्यावर बोळा दाबून उभी राहायची. चेष्टा बंद. भुवया बंद. आणि अशा दिवशी घारीसमोर पट्ट्यावरून कान आला. पाळी, वळण, आतली खोलगट वाटी, सगळं जागच्या जागी. माणसाच्या कानापेक्षा जरा लहान, एवढाच फरक. घारीने लगेच दाखवला नाही. सुट्टीत लंबू हात धुवायला गेली तेव्हा तिने तिच्या रिकाम्या, धुतलेल्या डब्यात तो ठेवला आणि झाकण लावलं. घरी जाऊन डबा उघडेल, आणि आठवड्याभरात पहिल्यांदा हसेल. उद्या येऊन म्हणेल, नवीन कान मिळाला बरं का.

त्या संध्याकाळी फाटकावर झडती होती. कधी नव्हे ती प्रत्येकीचा डबा उघडून बघत होते. घार रांगेत लंबूच्या मागे चौथी होती. पुढे जायला वाट नव्हती. लंबूने डबा उघडला. आत बघितलं. आणि ती हसली. खरंच हसली, आवाज करून. मग मागे वळून तिने घारीकडे बघितलं.

“कोणाचा हा?” झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याने विचारलं.

“माझ्या डब्यात आहे म्हणजे माझाच,” लंबू म्हणाली.

घारीने तोंड उघडलं होतं. तेवढं तिला आजही नक्की आठवत होतं. नवरा पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला होता, मुलगा शाळेत होता, घर तिच्या एकटीच्या पगारावर होतं. तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. तिचा स्वतःचा डबा तपासून झाला. वॉचमनच्या टेबलाच्या कडेला तो वेफर पडला होता. निघताना तिने तो मुठीत घेतला. नजरेइतकाच हातही चपळ होता तिचा.

निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना लंबूला काढून टाकलं. घारीने त्यानंतर एकही वेफर घरी नेला नाही. दोन वर्षांनी कॅमेऱ्याचं यंत्र आलं. ते वाईट वेफर बघायचं आणि वाऱ्याच्या झोताने उडवून लावायचं. सगळ्या बायकांना एकाच दिवशी निरोप मिळाला.

*

डबा रिकामा होत आला तशी सुनेने युक्ती काढली. मुलाने दुकानातून खोकंभर पाकिटं आणली, टेबलावर पेपर अंथरले आणि सगळी फोडली. “बसा आई. शोधा.”

घार बसली. बोटं आपोआप चालू लागली. एक पाकीट झालं, दहा झाली. वेफर सगळे गोल, सगळे पिवळे, सगळे एका मापाचे. एकही करपलेला नाही. एकही दुमडलेला नाही.

“एका साच्यातून काढल्यासारखे आहेत,” ती म्हणाली.

“आता वेडेवाकडे सगळे यंत्रच उडवतं ना, आई.”

“हो. पण बघत नाही ते.”

घरात आठवडाभर न्याहारीला वेफर होते.

त्याच आठवड्यात सून तिच्याजवळ येऊन उभी राहिली. चेहरा उतरलेला होता. “आई, रागावू नका. तुम्ही आत होतात तेव्हा मी ती साबणाची डबी उघडली. इतका सुंदर आहे तो कान, राहवलं नाही. फक्त फोटो टाकला. आता एक माणूस मागे लागलाय. ऐकायला कमी येणाऱ्यांची यंत्रं विकतो, दुकान आहे त्याचं. काचेच्या पेटीत ठेवून समोरच मांडायचाय म्हणतो. म्हणेल ती किंमत देतोय. मी त्याला ‘नाही’ असं कळवू का?”

घारीने जाऊन डबी आणली. मग तिने सुनेला शेजारी बसवलं आणि जे नवऱ्याला मरेपर्यंत सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. झडती, रांग, वॉचमनचं टेबल.

सुनेने मध्ये एकदाही विचारलं नाही की मग तुम्ही बोलला का नाहीत. शेवटी एवढंच म्हणाली, “मग आई, नाही म्हणायचं की हो म्हणायचं, ते त्यांना विचारायला हवं. तो त्यांचा आहे.”

*

पत्ता शोधावा लागला नाही. लंबूच्या गल्लीच्या तोंडावरून बस जायची आणि अकरा वर्षं घार तिथे आली की दुसऱ्या बाजूला बघायची. आज ती तिथे उतरली.

तळमजल्याची खोली, दाराबाहेर इस्त्रीच्या कपड्यांची पाटी. आत लंबू उभी होती. पण आता तिला लंबू कशी म्हणायची? पाठीला बाक आला होता. मान मुद्दाम वाकवावी लागू नये इतका.

लंबूने वर बघितलं. इस्त्री टेबलाच्या टोकाला उभी केली.

“ये. चप्पल आत काढ, बाहेर ठेवलीस तर कुत्रं पळवतं.”

घार स्टुलावर बसली. काहीतरी पुटपुटली.

“या बाजूने बोल,” लंबू म्हणाली. “त्या कानाने कधीच संप केलाय. आणि हाही आता अर्ध्या दिवसाचंच काम करतो.”

घारीने पिशवीतून साबणाची डबी काढून टेबलावर ठेवली. लंबूने ओले हात पुसले, झाकण काढलं. आणि ती हसली, त्या संध्याकाळी हसली होती तशीच, आवाज करून.

“ठेवलास होय! मला वाटायचंच, तो त्या टेबलावर राहिला नसणार. तू मागे होतीस ना.”

“मी बोलायला हवं होतं,” घार म्हणाली.

लंबूने इस्त्री परत हातात घेतली. एका शर्टाची कॉलर झाली, दुसरी बाजू झाली.

“हो,” ती म्हणाली. “हवं होतं.”

रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“म्हणजे नोकरीचं नाही म्हणत मी. तू बोलली असतीस तर दोघी घरी बसलो असतो. तुझा नवरा तसा पडलेला. मला काय कळत नव्हतं? पण तू आली नाहीस गं. दुसऱ्या दिवशी येईल, रविवारी येईल. वर्षभर कडी वाजली की मला वाटायचं, आली.”

“इथून बसने जायचे मी.”

“माहितीये. दोनदा बघितलं मी तुला. मान फिरवून बसली होतीस.”

घारीने खाली बघितलं. डोळे पुसायला रुमाल सापडेना तेव्हा लंबूने ढिगातला एक इस्त्री केलेला रुमाल पुढे केला. “घे. गिऱ्हाइकाचा आहे. परत इस्त्री करीन.”

मग घारीने दुकानदाराचं सांगितलं. वेफर तुझा आहे, पैसेही तुझेच, आणि नाही म्हणालीस तर इथेच ठेवून जाते, असंही सांगितलं.

लंबूने वेफर तळहातावर घेतला. उजेडाकडे धरला, उलटा केला, परत सुलटा केला. पट्ट्यावर बघायची तसंच बघितलं.

“दे त्याला. इथे वाफेने मऊ पडेल. तिथे चार लोक बघतील तरी. पैसे मला नकोत. त्याला म्हणावं, एक चांगलं यंत्र दे, या चालू कानासाठी. कानाला कान.” स्वतःच्याच बोलण्यावर ती खूश झाली. “आणि पेटीखाली चिठ्ठी लावायला सांग. हाताने निवडलेला. आपल्या दोघींची नावं घाल. आधी माझं.”

“आधी तुझं,” घार म्हणाली.

काम पडलं होतं. लंबूने ढिगातून दुहेरी चादर ओढली. ती आपल्या सवयीने दोन टोकं खुर्चीच्या पाठीला अडकवायला वळली. एकटीने घडी घालायची तर तोच उपाय होता. खुर्चीच्या पाठीचे दोन्ही कोपरे घासून पांढरे पडले होते.

घार उठली. तिने खुर्ची भिंतीशी सरकवली आणि ती दोन टोकं आपल्या हातात घेतली. दोघी समोरासमोर मागे सरकल्या, चादर ताणली गेली.

“घट्ट धर,” लंबू म्हणाली.

त्या पुढे आल्या, टोकाला टोक जुळवलं, परत मागे गेल्या. चादर झाली तेव्हा लंबूने काही न बोलता दुसरी काढली.